चकतीची मागची बाजू

प्रश्न : ताई, माझ्या सासूबाईंचं वय ६३. गुदाशयाच्या कॅन्सरचं मुंबईत ऑपरेशन होऊन २४ दिवस झाले. पोटावर उजवीकडे लहान आतड्याचा तात्पुरता स्टोमा, म्हणजे मल पिशवीत यायचं तोंड, काढला आहे. घरी आणलं तेव्हा सगळं ठीक होतं. आठ दिवसांपूर्वी पिशवी बदलताना दिसलं की स्टोम्याच्या खालच्या अंगाचे टाके सुटून कातडी आणि आतडं यांच्यात फट पडली आहे. फटीत पिवळट काहीतरी दिसतं. भोवतीची कातडी लालभडक झाली आहे, तिला पाणी सुटतं आणि त्यांना फार जळजळतं. पिशवी तीन दिवस टिकेल असं सांगितलं होतं. आमच्याकडे सकाळी लावलेली पिशवी, दुपारी त्या नारळ खवून उठल्या की खालून सुटलेली असते. शेजारच्या काकींनी सांगितलं म्हणून दोन दिवस हळद आणि खोबरेल लावलं. सासूबाई म्हणतात, "ह्यां उघडां ठेव, वारो लागांदे, आपोआप सुकात." त्यांना मधुमेह आहे. जखम भरतेय की बिघडतेय, हेच मला कळत नाही. वास येईल म्हणून हल्ली त्या पडवीत एकट्या जेवतात. काय करू?
— एक सून, देवगड तालुका

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना 'नारळ खवून उठल्या की' या चार शब्दांशी थांबले, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे. त्याच्याकडे येतेच. पण आधी ज्या काळजीने तुम्ही लिहायला बसलात तिच्याबद्दल.

टाके सुटून स्टोम्याभोवती फट पडणं हे नव्या स्टोम्यात बऱ्याचदा घडतं. तुमच्या हातून काही चुकलं म्हणून ते झालेलं नाही. आतड्याची कड पोटाच्या कातडीला बारीक टाक्यांनी शिवलेली असते. दोन्ही जुळून यायच्या आत टाका ताणला गेला, तिथे जंतू शिरले किंवा अंगात भरून यायची ताकद कमी पडली की ती शिवण उसवते. मधुमेह असेल, ऑपरेशनच्या आधी वजन घटलेलं असेल, जेवण तुटलेलं असेल, तर जास्तच. फट उथळ असेल तर बहुतेक वेळा पुन्हा शिवावी लागत नाही. मृगाच्या पावसानंतर विहिरीला पाणी चढतं तशी ती तळातून वर भरत येते. फक्त त्याला काही आठवडे लागतात, एका रात्रीत काही दिसत नाही.

फटीत पिवळट दिसतं तो प्रत्येक वेळी पू नसतो. जखमेच्या तळाशी मेलेल्या पेशींचा ओलसर, चिकटून बसलेला पिवळा थर असतो. जखम साफ होत जाते तसा तो सुटतो आणि खाली डाळिंबाच्या दाण्यांसारखं लाल, दाणेदार मांस दिसायला लागतं. ते दिसलं की भरायला सुरुवात झाली असं समजा. कधी आतड्यातून आलेला मलच फटीत साचून पिवळा दिसतो. कोमट पाण्याने हलकेच धुतल्यावर निघून गेला तर तो मल होता, आणि पिशवी रोज खालून सुटते म्हणता त्यावरून तुमच्याकडे तेच असावं असं मला वाटतं. पू वाहत राहतो, त्याला घाण वास असतो, भोवतीचा भाग कडक लागतो, ठणकतो, बहुधा ताप येतो.

तरी फट किती खोल आहे हे पत्रावरून मी सांगू शकत नाही आणि तुम्हीही काडीला कापूस गुंडाळून आत घालून बघू नका. ऑपरेशन केलेल्या सर्जनना आजच फोटो पाठवा आणि या आठवड्यात प्रत्यक्ष दाखवा. मुंबईला लगेच जाणं जमत नसेल तर निदान ओरोसला जिल्हा रुग्णालयातल्या सर्जनना दाखवा. फटीत चरबी दिसत असेल, स्टोमा आत ओढला जात असेल किंवा मल फटीतूनच वर येत असेल, तर आठवडाही थांबू नका.

आता लाल कातडी. तो वेगळा आजार नाही, ते भाजणं आहे. लहान आतड्यातला मल पातळ असतो आणि त्यात अन्न पचवणारी पाचकं असतात. मासा-डाळ पचवणारी तीच पाचकं कातडीवर साचून राहिली की काही तासांत कातडीही खायला लागतात. म्हणूनच लहान आतड्याचा स्टोमा नळाच्या तोटीसारखा कातडीच्या वर दोन-अडीच सेंटिमीटर काढतात, म्हणजे मल थेट पिशवीत पडावा. आतड्याची कड उलटी दुमडून अशी तोटी करायची पद्धत बर्मिंगहॅमचे सर्जन ब्रायन ब्रुक यांनी १९५२ साली मांडली. आजही सर्जन याच रीतीने स्टोमा करतात.

तेव्हा कातडीवर काय लावायचं हा प्रश्नच बाजूला ठेवा. तिच्यावर मल पडायचा थांबला की कातडी काही दिवसांत स्वतःहून सुधारते. आणि पडत राहिला तर जगातलं कुठलंही मलम तिला वाचवणार नाही. हळद-खोबरेल आजपासून बंद. काकींचा हेतू चांगला आहे, पण तेलकट कातडीवर चकती, म्हणजे पिशवीला पोटाशी धरणारा चिकट भाग, चिकटत नाही. चकती सुटली की मल आत शिरतो, कातडी आणखी भाजते. ती ओली झाली की पुढची चकती त्याहून लवकर सुटते. तुम्ही या फेऱ्यात अडकला आहात. डेटॉल, स्पिरिट, अंगाची पावडर, सुगंधी ओले रुमाल, मॉइश्चरायझरचा साबण, हेही नको.

सासूबाईंचं 'वारो लागांदे' मला फार ओळखीचं आहे. १९८६ साली मी मुंबईत नर्सिंग शिकत होते तेव्हा गुहागरजवळच्या आमच्या गावी माझ्या वडलांना मोठ्या आतड्याचा स्टोमा काढावा लागला. पिशव्या गावात मिळत नव्हत्या. आई जुन्या धोतराच्या घड्या करून पोटावर बांधायची आणि दिवसातून सहा-सात वेळा बदलायची. आजी म्हणायची, उघडं ठेवा, सुकेल. मी सुट्टीत घरी गेले तेव्हा बाबा पडवीच्या कोपऱ्यात पोट उघडं टाकून पडलेले, हातात झापाचा पंखा माश्या वारायला, आणि नाभीच्या डावीकडची तळहाताएवढी कातडी सोललेल्या टोमॅटोसारखी. साधी जखम वाऱ्याने सुकते हे आजीचं खरंच होतं. पण इथे सुकायच्या आत वरून पुन्हा मल येत असतो.

हॉस्पिटलात परत आल्यावर मी आमच्या वॉर्डच्या सिस्टरपाशी रडले. त्यांनी मला एका डबीत करड्या रंगाची पावडर दिली. ती काराया गोंदाची होती. हा गोंद कांडोळ या आपल्याकडच्या झाडाचा, ज्याचं पांढरं खोड रात्री भुतासारखं दिसतं. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकचे डॉ. रुपर्ट टर्नबुल यांनी १९५०च्या दशकात हा गोंद स्टोम्याभोवतीच्या कातडीवर वापरायला सुरुवात केली, कारण तो ओल शोषून कातडीला चिकटून राहतो. १९५८ साली त्यांनी नॉर्मा गिल या स्वतः स्टोमा असलेल्या बाईंना इतर रुग्णांना शिकवायला क्लिनिकमध्ये घेतलं. तिथून आमचं हे स्टोमा-नर्सचं काम सुरू झालं. मी त्या पावडरीने बाबांची कातडी आठवड्याभरात कोरडी पडताना पाहिली आणि हेच शिकायचं ठरवलं. (झाडावरचा गोंद आणून कोणी लावू नका, हे मुद्दाम लिहिते. आज दुकानात मिळणारी स्टोमा पावडर स्वच्छ आणि त्याच कामाची असते.)

आता नारळाकडे. सासूबाई खवणीवर बसतात म्हणजे पाय दुमडून, पुढे वाकून बसतात. नव्या ऑपरेशनच्या पोटावर या बसण्याने स्टोम्याच्या खाली आडवी घडी पडते आणि घडी पडली की चकतीची खालची कड उचकटते. तुमची गळती खाली, फट खाली, लाली खाली. हे सगळं एकाच जागी येणं योगायोग वाटत नाही. उद्या सकाळी त्यांना आधी आडवं झोपवून, मग खुर्चीत बसवून, मग पाटावर वाकून बसायला सांगून तुम्ही समोरून पोट बघा. झोपल्यावर सपाट दिसणारं पोट बसल्यावर किती बदलतं ते तुम्हालाच दिसेल. चकती नेहमी झोपवून लावता ना? जरा मागे रेलून बसवा किंवा उभं करून लावा.

नारळ खवणं दीड-दोन महिने दुसऱ्या कोणाकडे द्या. तसंही कातण्या-खवण्याचा जोर त्यांच्या पोटावर आत्ता नकोच. घागर उचलणं, खाली बसून लादी पुसणं हेही नको, नाहीतर स्टोम्याच्या बाजूला हर्नियाचा फुगवटा येतो. कामाशिवाय करमत नसेल तर खुर्चीत बसून भाजी निवडू दे.

दुसरी एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, पण मी विचारते. त्या परकराची नाडी कुठे बांधतात? पुष्कळ बायकांची नाडी नेमकी चकतीच्या कडेवर किंवा पिशवीच्या मधोमध करकचून येते. मग मल खाली उतरत नाही, वर साचतो आणि चकतीखाली शिरतो. दोन महिने गाऊन घालू दे. लुगड्याशिवाय चालणार नसेल तर नाडीच्या जागी रुंद इलॅस्टिक लावा आणि ते स्टोम्याच्या वर येईल असं बघा.

चकती काढल्यावर तुम्ही ती लगेच कागदात गुंडाळून टाकता का? तसं करू नका. आधी पलटून बघा. स्टोमा-नर्स रुग्णाच्या पोटाआधी चकतीची मागची बाजू बघते. भोकाभोवती सगळीकडे सारखा थोडा पांढरा, फुगलेला भाग असेल तर चकती आपलं काम करून थकली, एवढंच. पण एका बाजूला पिवळी वाट कडेपर्यंत गेलेली असेल तर मल तिथून पळालाय. घड्याळाचे आकडे मनात धरा, डोकं १२, पाय ६, आणि वाट कुठल्या आकड्याकडे जाते ते वहीत तारखेसह लिहा. तीन वेळा ६ आला तर ६च्या जागी भर घालायची. सर्जनला ती वही दाखवा, त्यांचाही वेळ वाचेल.

बदलायचं कधी? पहाटे, चहाच्याही आधी. रात्रभर पोट रिकामं असल्याने त्या वेळी आतडं सर्वांत शांत असतं. चकती ओढून काढायची नाही. एका हाताने कातडी खाली दाबत, दुसऱ्या हाताने ओलं फडकं फिरवत सोडवायची. मग उकळून कोमट केलेल्या पाण्याने धुवायचं आणि मऊ कापडाने टिपायचं, घासायचं नाही. पुसताना स्टोम्यातून थोडं रक्त टिपकलं तर घाबरू नका, हिरड्या घासताना येतं तसंच ते. ओल्या, सोललेल्या कातडीवर स्टोमा पावडर भुरभुरवायची आणि जास्तीची हाताने झटकायची, कारण कोरड्या पावडरीच्या थरावर चकती धरत नाही. वर अल्कोहोल नसलेली बॅरियर फिल्म, म्हणजे कातडीवर पातळ संरक्षक थर धरणारा द्रव, थोपटून लावायची, सुकू द्यायची. हे दोनदा-तीनदा केलं की पातळ पापुद्रा तयार होतो आणि त्यावर चकती छान बसते. दुकानातल्या बऱ्याच पेस्टमध्ये अल्कोहोल असतं, ते सोललेल्या कातडीला आग करतं. म्हणून घडी बुजवायला तूर्त पेस्टऐवजी बोटांनी ओढून लांबवता येणारी स्टोमा रिंग मागा.

फटीत काय भरायचं ते सर्जन किंवा नर्सने एकदा समोर दाखवायला हवं. उथळ असेल तर पावडरच भरतात. थोडी खोल असेल तर अल्जिनेटची मऊ पट्टी सैलसर ठेवतात. ती समुद्री शेवाळापासून बनते, जखमेचा पाझर शोषून तिचा गर होतो. आणि फट बुजवल्यावर चकती तिच्यावरून लावायची. पुष्कळजण फट मोकळी राहावी म्हणून चकतीचं भोक मोठं कापतात आणि मल सरळ जखमेत सोडतात. भोक स्टोम्याच्या मापाचं, भोवती दोन-तीन मिलिमीटर जागा ठेवून, बस.

मापाबद्दल माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, ती मला अजून टोचते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका बाईंना कागदाचा एक साचा कापून दिला आणि म्हटलं, याच मापाने कापत जा. ऑपरेशननंतर स्टोमा सुजलेला असतो आणि सहा ते आठ आठवडे तो आक्रसत जातो, हे मला ठाऊक होतं, पण त्यांना सांगायचं राहिलं. दीड महिन्याने त्या रात्रभर एसटीने प्रवास करून आल्या. स्टोमा लहान झाला होता, भोक तेवढंच राहिलं होतं आणि मधली बोटभर कातडी जळून गेली होती. "सिस्टर, तुम्ही सांगितलंत तसंच केलं हो," एवढंच त्या म्हणाल्या.

तेव्हा दर आठवड्याला माप घ्या. आरपार दिसणारी प्लास्टिकची पिशवी धुऊन, कोरडी करून, कापून घ्या. स्टोम्यावर न टेकवता वर धरा, पेनने कड गिरवा, तारीख टाका. सासूबाईंचा स्टोमा लंबगोल असणार, या प्रकारात तसा असतो, म्हणून डब्यातल्या गोल मापांच्या कार्डावर विसंबू नका. लहान वाकड्या कात्रीने कापल्यावर भोकाची कड बोटाने फिरवून गुळगुळीत करा. लावण्याआधी चकती दोन तळहातांत धरून उबदार करा आणि लावल्यावर त्यांनाच त्यावर हात ठेवून पाचेक मिनिटं बसू दे. उबेने ती कातडीच्या बारीक रेषांत बसते. पावसाळ्यातल्या आपल्या दमट हवेत तीन दिवसांचा हट्ट धरू नका. फट भरेपर्यंत दर दोन दिवसांनी बदला, आणि खाली जळजळलं किंवा खाज आली तर लगेच, मग मध्यरात्र का असेना. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. जड झाली की स्वतःच्या वजनाने चकती खाली ओढते. चकत्यांचा डबा चुलीजवळ किंवा पत्र्याखाली ठेवू नका, उष्णतेने गोंद मऊ पडतो.

पुढे कधी लालीच्या भोवती सुटे सुटे लाल ठिपके उठले आणि आगीपेक्षा खाज जास्त असली तर ती बुरशी समजा. घाम आणि मधुमेह दोन्ही असताना ती सहज होते. डॉक्टर बुरशीवरची पावडर देतील. मलम नको, ते पुन्हा चकती सोडवेल.

साखर आटोक्यात नसेल तर फट रेंगाळते, म्हणून या महिन्यात तपासणी वारंवार करा. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कधी कधी तशाच पिशवीत पडतात. तशी गोळी दिसली तर डॉक्टरांना नक्की सांगा. जखम भरायला प्रथिनं लागतात. अंडं, सालीविना मुगाची डाळ, काट्याशिवायचा मासा द्या. मऊ भात, पेज, पिकलं केळं यांनी मल घट्ट होतो. ओल्या खोबऱ्याचे तुकडे, सुकं खोबरं, काजू, फणस आणि शेवग्याच्या शेंगा पहिले दोन महिने नकोत, स्टोम्याच्या तोंडाशी अडकतात. कालवणाला नारळाचं दूध गाळून घाला, चव तीच राहते.

पिशवीत दिवसाला किती जमतं ते मापाच्या मगाने मोजा. दीड लिटरच्या वर गेलं, जीभ कोरडी पडली, लघवी कमी झाली, तर नुसतं पाणी पाजत राहू नका. नुसत्या पाण्याने मीठ आणखी वाहून जातं. ओआरएसचं पाकीट लिटरभर पाण्यात घालून द्या. मधुमेह आहे म्हणून त्यातल्या साखरेला घाबरू नका. लिटरभरात ती साडेतेरा ग्रॅम असते आणि आतड्याला मीठ आत घ्यायला लागते. फक्त साखर तपासत राहा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

स्टोमा तोंडाच्या आतल्या कातडीसारखा लालसर, ओला दिसायला हवा. तो जांभळा किंवा काळा पडला, रक्त थांबेना, किंवा पोट फुगून उलट्या व्हायला लागल्या आणि चार-सहा तास पिशवीत काहीच आलं नाही, तर रात्र असली तरी गाडी काढा.

पुढच्या तपासणीला मुंबईला जाल तेव्हा परळच्या टाटा मेमोरियलमध्ये स्टोमा क्लिनिक आहे, आणि ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्थाही मुंबईतच आहे. तिथे सासूबाईंना स्टोमा असलेली दुसरी बाई भेटली तर ते माझ्या पत्राहून अधिक उपयोगी पडेल. तात्पुरता स्टोमा साधारण तीन महिन्यांनी, केमो असेल तर ती संपल्यावर, बंद करतात. नेमकं कधी ते तुमचे सर्जन सांगतील.

राहिली पडवी. नीट बसलेल्या पिशवीतून वास येत नाही. येत असेल तर कुठेतरी गळतंय किंवा खालची क्लिप नीट लागलेली नाही, म्हणजे तेही चकतीकडेच बघायचं काम आहे. माझे बाबा सात महिने पडवीत जेवले. कोणी त्यांना बाहेर बसा म्हटलं नव्हतं आणि आत या असंही कोणी म्हटलं नाही. उद्या सकाळी चकती बदलून झाली की दुपारचं पान तुमच्या शेजारी वाढा, पाटावर नको, खुर्चीवर. आणि संध्याकाळी वहीत लिहा, ६च्या जागी काय झालं ते.